फळ्यावर नाव लिहिण्याआधी

मंडळी, आज जरा किचकट विषय.

समजा, तुम्ही रोज ज्या संस्थळावर जाता, ते एके सकाळी उघडेचना. दोन दिवसांनी चालकांकडून कळलं की हा यंत्राचा बिघाड नव्हता, कुणीतरी मुद्दाम ते बंद पाडलं होतं. आणि तो कुणीतरी बाहेरचा नव्हे, आपल्यातलाच एक सदस्य. कालपरवापर्यंत पाककृतींना दाद देणारा, गणेशोत्सवाच्या स्पर्धेत भाग घेणारा. आता चालकांनी काय करावं? त्याचं खरं नाव, गाव, नोकरीचं ठिकाण सगळ्यांसमोर मांडावं? की गुपचूप त्याचं खातं बंद करून विषय संपवावा?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "नाव सांगा की! लपवायचं कशाला? लाज त्याला वाटू दे." हे उत्तर मला समजतं, पण पटत नाही. का पटत नाही, ते आज नीट मांडून बघते. आमच्या घरातली काही मंडळी हा ब्लॉग नेमाने वाचतात आणि मग फोनवर "ते तांत्रिक काही कळलं नाही हं" असं सांगतात. त्यांच्यासाठी मधूनमधून थोडं सोपं करून सांगेन. जाणकारांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आधी हल्ला म्हणजे काय ते बघू. एक प्रकार म्हणजे संस्थळावर एकदम इतकी मागणी आणायची की ते गुदमरून बंद पडावं. लहानशा किराणा दुकानात पाचशे माणसं नुसतीच आत घुसून उभी राहिली, तर खऱ्या गिऱ्हाइकाला वाण्यापर्यंत पोचताच येणार नाही, तसं. दुसरा प्रकार म्हणजे पासवर्ड मिळवून आत शिरायचं आणि लेखन पुसायचं किंवा लोकांचे इमेल पत्ते उचलायचे. तिसरा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा: दहावीस डुआयडी काढून धाग्यांवर घाण करायची, भांडणं लावायची, चालक दमून जातील असं बघायचं. चौथा घरभेद्याचा. ज्याच्याकडे कधीकाळी किल्ल्या होत्या, त्यानेच जाताना कुलपं फोडायची.

या सगळ्याचा राग येतो आणि तो खोटा नसतो. मराठीतली अशी ठिकाणं कुणा मोठ्या कंपनीने उभी केलेली नाहीत. मायबोली १९९६ साली सुरू झाली, मनोगत २००४ साली, मिसळपाव २००७ साली. अशा ठिकाणांना आकार येतो तो नोकरी, घर सांभाळून रात्री जागणाऱ्या थोड्या लोकांमुळे. कित्येकांचं एकमेव लेखन तिथेच असतं. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणी वारलेल्या मित्रावर लिहिलेलं चार परिच्छेदांचं टिपण. त्याची ना छापील प्रत, ना दुसरीकडे नोंद. आपल्या जुन्या वस्तू जालावर आपोआप जपल्या जातात, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑर्कुट आठवावं. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं आणि ज्यांनी वेळेत काही उतरवून घेतलं नव्हतं, त्यांच्या कितीतरी गप्पा त्याबरोबर गेल्या. तेव्हा "एक वेबसाइट तर बंद पडली, त्यात काय एवढं" हे म्हणणं मला मान्य नाही. घर फोडण्याइतकंच ते खरं आहे.

आता नाव जाहीर करणाऱ्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण सांगते. प्रतिपक्षाची दुबळी बाजू निवडून वाद जिंकण्यात मजा नाही.

ब्रायन क्रेब्स हा अमेरिकन पत्रकार संगणकावरच्या गुन्ह्यांबद्दल लिहिणारं स्वतःचं संस्थळ चालवतो. सप्टेंबर २०१६मध्ये त्यावर हल्ला झाला. सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट एवढा लोंढा. तोपर्यंत त्याला फुकट संरक्षण देणाऱ्या कंपनीलाही तो भार परवडेना आणि तिने हात वर केले. शेवटी गूगलने आसरा दिला तेव्हा संस्थळ परत उभं राहिलं. या हल्ल्यामागे 'मिराई' नावाचा प्रोग्राम होता. क्रेब्सने जवळजवळ चार महिने माग काढला आणि जानेवारी २०१७मध्ये लांबलचक लेख लिहून, पुराव्यांसकट, एका तरुणाचं नाव जाहीर केलं. तो न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी. डिसेंबर २०१७मध्ये त्याने आपल्या दोन साथीदारांसह गुन्हा कबूल केला. म्हणजे क्रेब्स बरोबर होता.

यातली अधिक बोचणारी गोष्ट पुढेच आहे. या मुलाने २०१४ ते २०१६ या काळात स्वतःच्याच विद्यापीठाचं संगणकजाळं पुन्हा पुन्हा पाडलं होतं. विद्यार्थ्यांना कामं जमा करता येईनात, प्राध्यापकांना आत शिरता येईना. आणि वर हा टोपणनावाने ट्विटरवरून विद्यापीठाचीच टिंगल करत होता. आपल्यातल्याने आपलंच घर पाडायचं, त्याचा याहून स्पष्ट नमुना शोधून सापडणार नाही. मग प्रश्न उरतोच: क्रेब्सने जे केलं ते आपण का करू नये?

माझं उत्तर असं. क्रेब्सने काय केलं ते नीट बघा. तो व्यवसायाने शोधपत्रकार. त्याने महिनोन् महिने दिले. एका पुराव्यावर न थांबता डझनभर धागे एकमेकांशी जुळवले. आणि लेखाखाली स्वतःचं खरं नाव घातलं; चुकला असता तर अब्रूनुकसानीचा दावा त्याच्यावरच येणार होता. त्यानंतरही शिक्षा त्याने दिली नाही, वाचकांनीही दिली नाही. ती २०१८मध्ये दोन न्यायालयांनी दिली. अलास्कातल्या न्यायालयाने, त्याने तपासयंत्रणेला केलेली मदत लक्षात घेऊन, पाच वर्षांची देखरेख आणि २,५०० तास समाजसेवा सांगितली. न्यू जर्सीतल्या न्यायालयाने विद्यापीठावरच्या हल्ल्यांसाठी सहा महिने घरातच स्थानबद्धता आणि ८६ लाख डॉलर भरपाई. भरपाई जबर आहे, पण शिकलेली विद्या चांगल्या कामाला लावायची वाटही त्यात ठेवलेली आहे. आपल्या संस्थळाचा चालक दोन रात्रीच्या जागरणानंतर, डोकं तापलेलं असताना, "हा घ्या चोर" असा धागा काढतो, तेव्हा यातलं काय असतं? ना चार महिने, ना दुसऱ्या कुणी तपासलेला पुरावा, ना चुकल्यास किंमत मोजायची तयारी.

पुराव्याचंच बघू. अशा वेळी चालकाच्या हातात बहुधा एकच गोष्ट असते: आयपी पत्ता. घरच्या मंडळींसाठी सांगते, आयपी पत्ता म्हणजे तुमचं जालावरचं जोडणीचं ठिकाण सांगणारा आकडा. पण तो ठिकाण सांगतो, माणूस नव्हे. एका घरात पाच माणसं एकच वायफाय वापरतात. वरच्या मजल्यावरच्या मुलाला आपण पासवर्ड दिलेला असतो. मोबाइल कंपन्या तर एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. मिराईच्या बाबतीत तर गंमतच होती. क्रेब्सच्या संस्थळावर जे पत्ते चालून आले, ते कुणा टोळीच्या संगणकांचे नव्हते. ते साध्यासुध्या लोकांच्या दारावरच्या कॅमेऱ्यांचे आणि घरातल्या राउटरचे होते, ज्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते. तेवढ्यावरून हल्लेखोरांची यादी लावली असती, तर त्यात निवृत्त आजोबांचा सीसीटीव्ही पहिल्या नंबरावर असता!

हे अमेरिकेतलं झालं. आपल्याकडचं उदाहरण याहून जड आहे. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७मध्ये बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आयपी पत्ता त्याचाच, असं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं. ते चुकीचं निघालं. त्या माणसाचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आता विचार करा. इथे पोलीस होते, कायदा होता, कंपनीकडून अधिकृत माहिती मागवायची सोय होती. एवढं सगळं असून चूक झाली. पण तिथे निदान चूक उघड करायला एक दार होतं. वकील होता, न्यायालय होतं, आणि शेवटी "हा तो नव्हे" असं अधिकृतपणे निघालं. एखाद्या संस्थळाने हीच चूक केली असती तर? "चालकांचा गैरसमज झाला होता, क्षमस्व" हा धागा किती जणांनी वाचला असता? आरोप सगळ्यांच्या लक्षात राहतो, खुलासा सापडतच नाही.

गर्दी स्वतः तपासाला बसली की काय होतं, ते २०१३मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले आणि रेडिटवर हजारो लोक छायाचित्रं न्याहाळून गुन्हेगार शोधू लागले. हेतू वाईट नव्हता. पण त्यात एका विद्यार्थ्याचं नाव पुढे आलं, जो स्फोटांच्या महिनाभर आधीपासून बेपत्ता होता आणि ज्याचे घरचे त्याला जिवाच्या आकांताने शोधत होते. पुढे त्याचा मृतदेह मिळाला; त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. रेडिटने जाहीर माफी मागितली. ती मागायलाच हवी होती, पण त्या आईवडिलांनी मधले दिवस कसे काढले असतील, ते माफीने पुसलं जात नाही. हल्ला संस्थळावरचा नव्हता, हे मान्य. पण यंत्र तेच: खूप माणसं, खूप राग, थोडा पुरावा आणि एक नाव.

कुणी म्हणेल, "आमच्याकडे पक्का पुरावा असेल तर? स्वतःच कबूल केलं असेल तर?" ठीक आहे, हाही मुद्दा घेऊ. इथे मला २००५चं विकिपीडियावरचं प्रकरण आठवतं.

जॉन सायगनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. मे २००५मध्ये कुणीतरी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याबद्दल लेख टाकला की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. ते स्वतः रॉबर्ट केनेडींचे सहकारी होते, त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक होते! हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी 'यूएसए टुडे'त त्यावर संतापून लेख लिहिला. मग विकिपीडियाच्या एका टीकाकाराने आयपी पत्त्यावरून माग काढत नॅशव्हिलमधली एक लहानशी कंपनी गाठली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने सायगनथॉलरना पत्र नेऊन दिलं आणि कबुली दिली: एका सहकाऱ्याची गंमत करायला लिहिलं होतं, विकिपीडिया हे खरंखुरं संदर्भस्थळ आहे हे ठाऊक नव्हतं. त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. त्याने नोकरी सोडली.

आणि सायगनथॉलरनी काय केलं? त्यांनी दावा लावला नाही. उलट त्याच्या मालकाला सांगितलं की त्याला परत कामावर घ्या. ज्याच्यावर खुनाचं किटाळ आलं होतं, त्या माणसाने हे केलं. त्यांचं भांडण विकिपीडियाच्या बेफिकीर पद्धतीशी होतं, त्या कर्मचाऱ्याचं अन्न काढण्याशी नव्हतं. पद्धत थोडी बदललीही. डिसेंबर २००५पासून इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांना नवा लेख सुरू करता येईनासा झाला. मला या प्रकरणातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पुरावा पक्का असला तरी 'किती शिक्षा' हा प्रश्न उरतोच, आणि जालावर नाव जाहीर करणं ही मोजून देता येणारी शिक्षाच नाही. खातं सहा महिने बंद ठेवता येतं. नाव सहा महिन्यांपुरतं जाहीर करता येत नाही.

शाळेत बाई बाहेर गेल्या की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर देखभाल खर्च थकवणाऱ्यांची यादी लागते. त्या यादीविषयीही वाद आहेत, पण ती आपल्याला फारशी का खटकत नाही? चार कारणं दिसतात. थकबाकी हिशेबाच्या वहीत लिहिलेली असते, तर्काने काढलेली नसते. यादी लागण्याआधी त्या माणसाला पैसे भरायची संधी मिळालेली असते. बोर्ड जिन्याखाली असतो, म्हणजे ज्यांचा संबंध आहे तेच वाचतात. आणि पैसे भरले की नाव पुसलं जातं. फळ्याचंही तसंच, दुसऱ्या दिवशी नवा तास, नवा फळा. जालावरच्या फळ्याला यातलं एकही लागू नाही. वाचणारा कोण ते ठरवता येत नाही आणि डस्टर कुणाच्याच हातात नाही. विशीतल्या मुलाने आकसाने केलेला उद्योग, तो चाळिशीचा झाल्यावर त्याच्या मुलीच्या वर्गातली मुलं शोधून काढतील. त्या मुलीने कुठलं संस्थळ पाडलं होतं?

खरं तर जाहीर धिंड काढण्याची रीत आपल्याला नवी नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय असतं, हे महाराष्ट्रातल्या गावांना आणि जातपंचायतींचा जाच सोसलेल्या कुटुंबांना सांगायला नको. पंचांनी ठरवायचं, पंचांनीच शिक्षा द्यायची, आणि शिक्षा एकट्याला नव्हे, चुलीसकट सगळ्या घराला. याच्याशी झगडून झगडून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६मध्ये मंजूर केला, २०१७पासून तो लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मी काही संस्थळाने खातं बंद करण्याला वाळीत टाकणं म्हणत नाही. कुणाला घरात घ्यायचं हे घरच्यांनी ठरवायचंच असतं. पण ज्याच्यावर हल्ला झाला तोच फिर्यादी, तोच तपासनीस, तोच न्यायाधीश आणि जमलेली गर्दी फाशीगर, ही मांडणी ओळखीची वाटते की नाही? पंचायतीला आपण नावं ठेवायची आणि तीच चावडी स्क्रीनवर भरवायची, हे काही बरोबर नाही.

बरं, टोपणनावामागे नेमकं कोण, हेसुद्धा वाटतं तितकं सरळ नसतं. जालावरच्या समाजांच्या इतिहासातली एक गाजलेली गोष्ट आहे 'लॅम्डामू'ची. हे नुसत्या शब्दांनी बांधलेलं आभासी घर, १९९०मध्ये पावेल कर्टिसने सुरू केलेलं. १९९३मध्ये तिथल्या 'मिस्टर बंगल' नावाच्या सदस्याने एक युक्ती वापरून इतर सदस्यांच्या पात्रांच्या तोंडी आणि हातून भर दिवाणखान्यात अत्यंत हिडीस लैंगिक प्रकार करवले. लोक हादरले. मोठी सभा भरली, तासन् तास चर्चा झाली, निर्णय काही होईना. शेवटी एका चालकाने एकट्याने ते खातं कायमचं पुसून टाकलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर लिहिलेला लेख त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये आला आणि आजही वाचला जातो. पुढे असं समजलं की त्या खात्यामागे एकच माणूस नव्हता, विद्यार्थ्यांचं टोळकं त्यात सामील होतं. कुणाचं नाव फळ्यावर लिहिणार होता? टंकणाऱ्याचं की मागून हसत सूचना देणाऱ्यांचं? कर्टिसने जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. माणसाच्या मागे न लागता त्याने नियम केले: सदस्यांनी अर्ज करायचा, मतदान घ्यायचं, आणि मग चालकांनी अंमल करायचा.

आता दुसरी बाजू. इथवर वाचून कुणाला वाटेल की मी "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणते आहे. मुळीच नाही. गप्प बसणं हाही सदस्यांवर अन्यायच आहे. संस्थळ चार दिवस बंद आणि चालक म्हणतात "काही तांत्रिक कारणाने", की लगेच कुजबूज सुरू होते. ज्याचं चालकांशी मागच्या महिन्यात वाजलं होतं, त्याच्याकडे बोटं वळतात. म्हणजे नाव न घेताही एकाची धिंड निघतेच, आणि तीही बहुधा निरपराध माणसाची. शिवाय गुप्ततेचा फायदा चालकांनाही होतो. पासवर्ड सोपा होता, प्रत काढून ठेवली नव्हती, जुन्या सहकाऱ्याकडच्या किल्ल्या परत घेतल्या नव्हत्या, हे सगळं त्या मुठीत झाकलं जातं.

तेव्हा माझं म्हणणं असं: घटना उघड करा, माणूस नको.

एक, काय झालं ते सांगा. कधी, कसं, काय नुकसान झालं, काय परत मिळवलं, आपल्या बाजूने काय ढिलं राहिलं होतं. सदस्यांचे पत्ते किंवा पासवर्ड बाहेर गेले असतील, तर ज्याचे गेले त्या प्रत्येकाला कळवा. आपल्या देशाने २०२३मध्ये केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे.

दोन, संस्थळावर जी ओळख वापरली, तेवढीच बोला. एखाद्या आयडीने वा त्याच्या डुआयडींनी धुमाकूळ घातला असेल तर ते आयडी बंद केल्याचं आणि ते एकाचेच होते याचं कारण सांगायला हरकत नाही, कारण फसवणूक तिथेच झाली. पण त्या आयडीमागचं खरं नाव, फोटो, कचेरी, गल्ली यांना हात लावायचा नाही. सदस्याने ती माहिती खातं उघडताना विश्वासाने दिलेली असते. विकिपीडियाची रीत साधारण अशीच आहे. खोट्या खात्यांच्या नोंदी उघड असतात, पण माणसाची खरी ओळख फोडणं हा स्वतंत्र गुन्हा मानतात, मग तो माणूस कितीही उपद्रवी असो. २०२४पासून तर त्यांनी टप्प्याटप्प्याने खातं नसलेल्यांचे आयपी पत्तेही झाकायला सुरुवात केली. शिवाय ज्यांना नुसतं लक्ष हवं असतं, त्यांना ते द्यायचं नाही: बदल उलटवा, खातं बंद करा, पुढे चला. नावाचा गाजावाजा ही काहींना शिक्षा नसते, बक्षीस असतं.

तीन, पुरावा जपा आणि जिथे द्यायचा तिथे द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये परवानगीशिवाय संगणकात शिरणं, विदा पुसणं, सेवा अडवणं हे सगळं येतं, आणि ते बदमाशीने केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांच्या सायबर शाखेकडे करता येते. उलट आपणच धागा काढून नाव छापलं, तर अब्रूनुकसानीचं प्रकरण आपल्यावर येऊ शकतं. पूर्वीच्या दंडविधानात ते होतं आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३५६मध्ये आहे. तिथे "खरं तेच लिहिलं" एवढं पुरत नाही. ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं.

चार, चालकांखेरीज दोन-तीन विश्वासू सदस्यांना पुरावा दाखवा आणि ज्याच्यावर आळ आहे त्याला बोलू द्या. कुणी म्हणेल हा वेळकाढूपणा. असेल. पण ज्याला उद्या आपल्यावर खोटा आळ येईल अशी भीती आहे, त्या प्रत्येक सदस्याचा विश्वास या वेळकाढूपणातूनच टिकतो.

"पण तो इथून निघून दुसऱ्या संस्थळावर तेच करील," हा आक्षेप उरतो आणि तो खोटा नाही. त्याला माझं उत्तर: दुसऱ्या चालकांना खाजगीत कळवा, हल्ल्याची पद्धत सांगा, कुठली दारं बंद करायची ते सांगा. सावध करण्यासाठी चालकाला माहिती लागते, चार हजार वाचकांना नाही. आणि कुणी सदस्याला, विशेषतः बायकांना, जिवाच्या किंवा अब्रूच्या धमक्या देत असेल, तर तिथे संस्थळाची भांडणं संपतात. अशा वेळी जिला धमकी आली तिला जे माहीत आहे ते सगळं तिला सांगायचं आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. आपल्या अनुभवाबद्दल, नावानिशी, बोलायचं की नाही हा हक्क तिचा. तो चालकांनी तिच्याकडून काढून घेऊ नये, आणि तिच्या वतीने परस्पर वापरूही नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लिहायला सोपं आहे, रात्री दोन वाजता कोसळलेलं संस्थळ उभं करणाऱ्याला विचारा. खरं आहे. म्हणूनच हे नियम हल्ल्याच्या आधी, शांत डोक्याने ठरवून, सदस्यांना दिसतील असे लिहून ठेवायला हवेत. रागात माणूस न्याय करत नाही, हिशेब चुकता करतो. एक मात्र लक्षात ठेवावं. पडलेलं संस्थळ चांगली प्रत काढून ठेवली असेल तर दोन दिवसांत उभं राहतं. गेलेलं नाव उभं करायची अशी कुठलीही प्रत नसते, ना त्याच्याकडे, ना आपल्याकडे.

असो. फार लांबलं. ज्या ज्या ठिकाणी तुमच्याकडे किल्ल्या आहेत, तिथल्या लेखनाची एक प्रत आजच काढून ठेवा. आणि ज्या दोघातिघांचं पटत नाही असं वाटेल, त्यांनी जरूर फोन करा. रविवारी दुपारी मी घरीच आहे.